कार्डावर उसनवारी करून दशांश

प्रश्न: प्रभूच्या शिकवणीप्रमाणे साधं राहायचं असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं आहे. मोठी गाडी विकून सगळी रक्कम अर्पण करणार आहोत, मंडळीसमोर, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तसं सांगूनही टाकलं. एकदम द्यावी की थोडी थोडी? वय 42, दोन मुलं शाळेत. मंडळीतल्याच एका बंधूंकडून 20 वर्षांची विमा पॉलिसी घेतली आहे, सहा वर्षांचे हप्ते भरून झाले. क्रेडिट कार्डावर थोडी बाकी आहे, पण दशांश (मिळकतीचा दहावा भाग देवाला) एकदाही चुकवला नाही. सगळे आकडे सोबत जोडले आहेत. प्रभू शंभरपटीने परत देईलच.

उत्तर: गाडी जरूर विका. रक्कम मात्र मंडळीला देऊ नका.

तुमची ‘थोडी बाकी’ मांडून पाहिली. महिन्याची मिळकत 100 धरली तर कार्डावर 250 आहेत. महिना 3 टक्क्यांनी नुसतं व्याजच साडेसात. दशांश 10. म्हणजे देवाला दहा आणि बँकेला जवळपास तेवढेच! हात लावला नाही तर ही बाकी दोन वर्षांत दुप्पट होते. ऋणको धनकोचा दास होतो, असं बायबलमधल्या नीतिसूत्रांत (22:7) आहे. मार्कच्या शुभवर्तमानात 12व्या अध्यायातल्या विधवेने दानपेटीत दोनच टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या, पण त्या तिच्या स्वतःच्या होत्या. तुमचं अर्पण सध्या बँकेच्या पैशातून चाललंय.

आणि ते शंभरपट. मार्क 10:30 पुन्हा वाचा. घरं, भाऊ, बहिणी, शेतं यांच्यासोबत त्याच ओळीत छळही मोजलेला आहे. तो परताव्याचा दर नव्हे. परत मिळेल या हिशोबाने केलेलं दान म्हणजे गुंतवणूकच, तीही भलत्या आशेवरची.

आता पॉलिसी. हप्ता महिन्याला 15, विमा जेमतेम तीन वर्षांच्या मिळकतीएवढा. 20 वर्षांत 3600 भरून 6000 मिळणार, म्हणजे साधारण 5 टक्के. इकडे कार्डावर वर्षाला 36 टक्के! विकणारा प्रार्थनेला शेजारी बसतो म्हणून कागद वाचायचे नाहीत, असं शास्त्रात कुठे लिहिलंय? घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट, हे मात्र लिहिलंय (1 तीमथ्य 5:8). आधी 12 वर्षांच्या मिळकतीएवढा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. हप्ता बहुधा महिन्याला 2-3 पडेल. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवा, आधी नाही.

गाडीचे 300 येतील म्हणता. 250 कार्डाला, 50 अडीनडीला. अर्पणाला काही उरत नाही.

साधेपणाचा हिशोब अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या लिखाणात सापडतो. वर्षाला 30 पौंड मिळवणारा माणूस 28मध्ये भागवून 2 देतो. मिळकत पुढे 60, 90, 120 झाली तरी खर्च 28च, चौथ्या वर्षी दान 92. त्याने आधी खर्चाची रेघ मारली, दान त्यामागून आपोआप वाढत गेलं. तुम्ही दानाचा आकडा पक्का केलात आणि खर्च मोकळा सोडलात. मोठी गाडी आली ती त्यातूनच. व्याज आणि पॉलिसीचे मिळून वीसेक मोकळे होतील, ते खर्चात विरघळू देऊ नका.

राहिला मंडळीसमोर दिलेला शब्द. या रविवारी पाळकांना भेटून सांगा, आमच्यावर कर्ज आहे, गाडीचे पैसे देता येणार नाहीत. गाडी विकण्यापेक्षा हे जड जाईल. नम्रता म्हणतात ती इथेच लागेल. कार्डाची बाकी शून्य झाली की त्याच महिन्यापासून दशांश द्या, पगारातून.