कॅप्टन ‘गप्प बस’ म्हणाला, म्हणून जबाबदारी सुटत नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची, मूळची नाशिकची. एका खासगी विमान कंपनीत मुंबई बेसवर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. एअरबसच्या ए-३२० विमानावर जेमतेम ४०० तास झालेत. तीन आठवड्यांपूर्वी एका ज्येष्ठ कॅप्टनबरोबर उतरताना १,००० फुटांवर वेग हवा त्यापेक्षा २५ नॉट जास्त होता आणि इंजिनं आयडलवर (किमान शक्तीवर) होती. मी ‘अनस्टेबल, गो-अराउंड’ म्हटलं, म्हणजे विमान स्थिर नाही, उतरणं सोडून पुन्हा वर चढा. ५०० फुटांवर पुन्हा म्हटलं. उत्तर आलं, ‘गप्प बस, विमान मी उडवतोय.’ सुखरूप उतरलो, पण धावपट्टीवर बरंच पुढे टेकलो. ‘हे आपल्या दोघांत’ म्हणून त्यांनी रिपोर्ट लिहिला नाही, मीही लिहिला नाही. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) मोबाइल पाहणं, चेकलिस्ट अर्धी सोडणं हे त्यांचं नेहमीचंच. केबिन क्रूसमोर ‘बायकांना कॉकपिटमध्ये कुणी आणलं’ असंही बोलले. ते ट्रेनर आहेत आणि ‘तुझी फाइल माझ्या हातात आहे’ असं दोनदा ऐकवलंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याबरोबर ड्यूटी आहे. टाइप रेटिंगच्या (या विमानासाठीच्या प्रशिक्षणाच्या) बाँडची, म्हणजे नोकरी न सोडण्याच्या कराराची, दोन वर्षं बाकी आहेत. तक्रार केली तर माझ्या परवान्याचं आणि नोकरीचं काय? पुरावा म्हणून फोनवर रेकॉर्डिंग करू का?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : उड्डाण-सुरक्षेचा भंग, धमकी आणि बाई म्हणून झालेला अपमान. तिघांची दारं वेगळी, मुदती वेगळ्या. तिन्ही एकाच लांबलचक ई-मेलमध्ये घालून एचआरला पाठवलं, तर ‘दोघांचं पटत नाही’ एवढाच शेरा बसेल. तेव्हा आधी सुरक्षेचं बघू, कारण तिथे तुमचाही परवाना गुंतलेला आहे.

रिपोर्ट आजच लिहा. तीन आठवडे उलटले तरी लिहा. न लिहिल्याने ती घटना लपलेली नाही. प्रत्येक उड्डाणाचा डेटा फ्लाइट सेफ्टी विभागाकडे जातो आणि १,००० फुटांवर वेग मर्यादेबाहेर असल्याची नोंद संगणक आपोआप वर काढतो. एअरबसची नेहमीची मर्यादा अपेक्षित वेगाच्या १० नॉट वर आणि ५ नॉट खाली एवढी आहे. तुम्ही २५ वर होतात. म्हणजे विचारणा होणारच, आज ना उद्या. त्या वेळी पहिला प्रश्न असेल, ‘दोघांपैकी एकानेही का कळवलं नाही?’ आवाजाच्या रेकॉर्डरचा आधार तोवर गेलेला असेल. बहुतेक विमानांत तो शेवटच्या २ तासांचंच साठवतो आणि पुढच्या उड्डाणांत मागचं पुसलं जातं. तुमचे ‘गो-अराउंड’चे दोन्ही उच्चार केव्हाच पुसले गेलेत. राहिलाय तो डेटा. तो वेग सांगेल, उंची सांगेल; तुम्ही बोललात की नाही, ते सांगणार नाही. ते तुमच्या रिपोर्टलाच सांगावं लागेल.

‘कॅप्टन ज्येष्ठ, मी कनिष्ठ, मी काय करणार’ हा बचाव डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मानत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात कॅप्टनने एका अनधिकृत व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसवलं. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, कॅप्टनचा परवाना ३ महिन्यांसाठी निलंबित झाला आणि सहवैमानिकाला ताकीद मिळाली, कारण त्याने ठामपणे रोखलं नाही. त्याच वर्षी लेहच्या एका उड्डाणात असंच घडलं. तिथे कॅप्टन वर्षभर, तर सहवैमानिक महिनाभर निलंबित. दोन्हींत दोष कॅप्टनचा, तरी डाव्या सीटबरोबर उजव्या सीटलाही झळ बसलीच.

अपघातांचे अहवाल याहून कठोर आहेत. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जण गेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी अहवालात थेट कारण म्हणून कॅप्टनने अस्थिर अ‍ॅप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) सोडला नाही हेच नोंदवलं आहे. फर्स्ट ऑफिसरने तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटलं, तरी. पण त्याच अहवालात असंही आहे की सहवैमानिकाने गो-अराउंड सुरू करावा की नाही, याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या आणि त्याने नियंत्रण हाती घेतलं नाही. २०२० च्या कोळिकोड अपघाताच्या अहवालात, जिथे २१ जण दगावले, मॉनिटरिंग करणाऱ्या (स्वतः न उडवता लक्ष ठेवणाऱ्या) वैमानिकाने नियंत्रण न घेणं संभाव्य कारणाचाच भाग म्हणून आलं आहे. ‘मी बोलले होते’ हा बचावाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा तुमच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलच्या भाग ‘ए’ मध्ये आहे : दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही किंवा अस्थिर अ‍ॅप्रोच चालूच राहिला, तर नियंत्रण कुणी आणि कोणत्या शब्दांत घ्यायचं. तो परिच्छेद आज शब्दशः वाचा आणि त्याचा क्रमांक रिपोर्टमध्ये द्या.

नियंत्रण का घेतलं नाही, हा प्रश्न येणारच, तर तो आपणच आधी मांडावा. एअरबसवर दोन्ही साइडस्टिक (विमान नियंत्रित करण्याच्या दांड्या) एकाच वेळी हलल्या तर दोघांच्या सूचनांची बेरीज होते. लाल टेकओव्हर बटण दाबून धरलं तर सूत्रं तुमच्याकडे येतात, पण थ्रस्ट लिव्हरवर (इंजिनाची शक्ती बदलणाऱ्या दांड्यावर) कॅप्टनचा हात होता. ५०० फुटांखाली कॉकपिटमध्ये झटापट करणं स्वतःच एक धोका, हे चौकशी अधिकाऱ्यालाही कळतं. मात्र तो तुमच्या त्या क्षणाचा खरा विचार असेल, तरच लिहा. नसेल, तर जे मनात होतं ते लिहा. पढवलेलं कारण चौथ्या उपप्रश्नाला उघडं पडतं.

रिपोर्टची भाषा कशी असू नये, ते आधी बघा : ‘कॅप्टन अत्यंत उद्धट आणि बेजबाबदार असून त्यांनी प्रवाशांचे प्राण धोक्यात घातले.’ यात तपासता येईल असा एकही शब्द नाही. तुम्ही इंग्रजीतच लिहाल, आशय असा ठेवा : ‘अमुक तारीख, अमुक उड्डाण. कॅप्टन पायलट फ्लाइंग, मी पायलट मॉनिटरिंग. १,००० फुटांवर वेग अपेक्षित वेग अधिक २५ नॉट, थ्रस्ट आयडल. मी म्हटलं : अनस्टेबल, गो-अराउंड. प्रतिसाद नाही. ५०० फुटांवर पुन्हा म्हटलं. कॅप्टन म्हणाले : गप्प बस, विमान मी उडवतोय. विमान धावपट्टीवर पुढे टेकलं. उतरल्यावर कॅप्टन म्हणाले : हे आपल्या दोघांत. त्या वेळी रिपोर्ट केला नाही. कारण, ते माझे ट्रेनर आहेत आणि त्यांनी यापूर्वी माझ्या ट्रेनिंग फाइलचा उल्लेख केला होता.’ त्यांचे शब्द मूळ भाषेत, अवतरणात द्या. पहिलं ‘प्रतिसाद नाही’ खरं आहे ना, ते स्वतःला विचारा. उशिराचं कारण एका ओळीत पुरे. तारीख मागची टाकू नका; सिस्टीमवर वेळ उमटते आणि मागची तारीख दिसली की बाकीचं खरंही संशयास्पद होतं. मोबाइल आणि चेकलिस्ट यांचे प्रसंग स्वतंत्र रिपोर्टमध्ये, तारीख नक्की आठवत असेल तेवढेच.

‘जस्ट कल्चर’चा, म्हणजे चूक कळवणाऱ्याला न्याय्य वागणूक देण्याच्या धोरणाचा, कागद कंपनीने दिला असेल. तो अनवधानाच्या चुकीला संरक्षण देतो, जाणूनबुजून केलेल्या भंगाला नाही. तुमच्या बाबतीत चूक झालीच असेल तर ती उशिराची आणि नियंत्रण न घेण्याची, आणि ती स्वतःहून सांगणाऱ्याची बाजू भक्कम असते. तरीही डीजीसीएची कारणे दाखवा नोटीस आलीच, तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, रिपोर्टची पोच जोडा आणि उत्तर पाठवण्याआधी विमान कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला दाखवा. गटातल्या सीनिअरने शिकवलेलं ‘मला काही आठवत नाही’ हे उत्तर कधीही देऊ नका.

आता पुढच्या आठवड्याची ड्यूटी. रिपोर्ट दाखल झाल्याबरोबर चीफ पायलटला, रोस्टरच्या प्रमुखांना प्रत देऊन, चार ओळींचा मेल करा : अमुक क्रमांकाचा सेफ्टी रिपोर्ट प्रलंबित आहे, निकाल लागेपर्यंत माझी या कॅप्टनबरोबर जोडी लावू नये. आरोपांचा तपशील इथे नको. विनंती फेटाळली तर लेखी घ्या. फोनवर ‘बघतो’ म्हणाले, तर ‘आपल्या फोनवरील बोलण्यानुसार’ असा मेल त्याच दिवशी. त्या दिवशी ‘ताप आहे’ म्हणून सुट्टी टाकू नका. खोटं आजारपण पुढे क्लास-१ मेडिकलमध्ये (वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत) आणि शिस्तभंगाच्या कारवाईत तुमच्याविरुद्धच वापरलं जातं. खरोखर झोप लागत नसेल, मन ठिकाणावर नसेल, तर अनफिट सांगणं हा तुमचा हक्कच नव्हे, कर्तव्य आहे. ते डॉक्टरांच्या कागदासह सांगा. आणि उडावंच लागलं, तर ब्रीफिंगमध्येच शांतपणे म्हणा : ‘सर, १,००० फुटांवर स्टेबल नसेल तर मी गो-अराउंड म्हणेन.’ ऐकायला केबिन क्रू असेल तर फारच उत्तम.

‘तुझी फाइल माझ्या हातात’ ही धमकी वाटते तितकी ताकदवान नाही, जर तुमच्याकडे त्याच फाइलची प्रत असेल. आजवरच्या प्रत्येक चेकचे (उड्डाण-चाचणीचे) आणि ट्रेनिंगचे मूल्यमापन फॉर्म ट्रेनिंग विभागाकडून मागून घ्या. आधीचे शेरे ‘समाधानकारक’ आणि रिपोर्टनंतरचा पहिलाच शेरा एकदम ‘कमी दर्जाचा’, तर ही तफावत तुमच्या बाजूने स्वतःच बोलते. पुढच्या चेकला तेच परीक्षक लावले, तर दुसरा परीक्षक मिळावा असा अर्ज चेकच्या आधी द्या. नापास झाल्यावर दिलेला तोच अर्ज रडगाणं ठरतो.

‘बायकांना कॉकपिटमध्ये कुणी आणलं’ या वाक्याबद्दल जरा बारकाईने. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कॉकपिट, लेओव्हरचं हॉटेल, क्रूची गाडी ही सगळी कामाची जागाच आहे. पण या कायद्याला लैंगिक स्वरूपाचं वर्तन लागतं : अश्लील शेरा, स्पर्श, मागणी. बाई म्हणून हिणवणं किंवा नोकरीची धमकी देणं, हे तशा वर्तनाशी जोडलेलं असेल तर छळात मोडतं. एकटं असेल तर कंपनीतली, या कायद्याखालची अंतर्गत समिती ते आपल्या कक्षेबाहेरचं म्हणू शकते. पत्रात न लिहिलेलं आणखी काही घडलं असेल, तर समितीकडे शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह ६ प्रतींत तक्रार द्या. मुदत आणखी ३ महिने वाढू शकते, पण त्यावर विसंबू नका. चौकशी चालू असताना लेखी मागणी केल्यास बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजा मिळू शकते. हे एक वाक्यच असेल, तर ते आचारसंहितेच्या तक्रारीत एचआरकडे. हजर असलेल्या केबिन क्रूची नावं विसरू नका.

रेकॉर्डिंग करू नका. स्वतः सहभागी असलेलं संभाषण टिपणं हा आपोआप गुन्हा नसला, तरी उड्डाणात फोन चालू ठेवणं हा कॉकपिटच्या शिस्तीचा भंग आहे, आणि तक्रार तर मोबाइलचीच करताय. कॅप्टनच्या वकिलाला याहून चांगली भेट कोणती? त्याऐवजी घरी वही ठेवा, प्रत्येक ड्यूटीनंतर त्याच रात्री पाच ओळी. कंपनीच्या आयपॅडवर नाही. तो कधीही परत मागतात. रिपोर्टची पोच आणि स्वतःचे मेल जपून ठेवा, पण मॅन्युअल किंवा उड्डाणाचा डेटा स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, तो गोपनीयतेचा भंग ठरतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरही एक अक्षर नको. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ला, अपवाद आहे. बॅचमेट्सचा ग्रुप हा असा अधिकारी नाही.

कंपनीने महिनाभर काहीच केलं नाही, तर डीजीसीएकडे जा. तिथे ऐच्छिक, गोपनीय रिपोर्टची सोय आहे. डीजीसीएने दखलच घेतली नाही, तर उच्च न्यायालयात डीजीसीएविरुद्ध रिट करता येतं. खासगी कंपनीविरुद्ध थेट रिट मात्र अवघड : खासगीकरणानंतर एअर इंडियाविरुद्ध रिट चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच म्हटलं आहे.

राहिला बाँड. सेफ्टी रिपोर्ट देणं हा बाँडचा भंग नाही आणि होऊही शकत नाही. बाँड लागू होतो तो तुम्ही सोडून गेलात तर. म्हणून रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. फर्स्ट ऑफिसरला नोटीसच ६ महिन्यांची असते. सोडायचंच ठरलं, तर कारण राजीनाम्यातच लिहा, रिपोर्टच्या क्रमांकासह. बाँडची रक्कम छापली तेवढीच मिळते असं नाही, करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. पण बाँड सरसकट बेकायदा असतात ही समजूत चूक आहे, २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा बाँड वैध ठरवला. बाँडपोटी सहीचे चेक दिले असतील, तर त्यांचे क्रमांक आजच वहीत टिपून ठेवा. चेक परत गेल्याची नोटीस हातात पडल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात, आणि ते नाशिकच्या पत्त्यावर पडलेल्या पाकिटातून निघून जाऊ नयेत म्हणून कंपनीकडचा आपला पत्ता बरोबर आहे ना, तेही तपासा.