झिंक ऑक्साइडचे नॅनोकण उंदरांच्या यकृताला का बाधतात?

जस्त शरीराला लागतंच, मग त्याचेच नॅनोकण घातक कसे, असं तुम्ही विचारलंय. खरी गोम विरघळण्यात आहे. पेशीने १०० नॅनोमीटरहून लहान कण गिळला की तो लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, जातो. तिथला सामू (pH) साधारण ४.५ ते ५, म्हणजे चांगलंच आम्ल. कण विरघळतो आणि जस्ताचे आयन एकदम सुटतात. त्यांनी मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) बिघडतात, ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा मारा) वाढतो, शेवटी पेशी मरते. रक्तातले कण पकडणाऱ्या कुप्फर पेशी यकृतातच असतात, म्हणून तिथे मार जास्त. मूत्रपिंडालाही इजा होते.

प्रयोगांतले डोस बहुधा मोठे असतात, हे विसरू नका. धडधाकट त्वचेवर लावलेल्या सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड फारसं आत जात नाही. पण झिंक ऑक्साइडची पूड श्वासात जाऊ देऊ नका. फुप्फुसांना ती नक्कीच सोसत नाही.