हेमकुंडला जायचंय आणि ॲप रोज पाऊस दाखवतंय, काय करू?

प्रश्न: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि आई (वय ६१, बीपीची गोळी चालू आहे) असे उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला (डोंगरावरचं शिखांचं गुरुद्वारा आणि त्याशेजारचं कुंड) चाललोय. दोन्हींच्या पायथ्याच्या घांघरिया गावात तीन रात्रींचं बुकिंग आहे. मोबाईलवर रोज पाऊसच दिसतोय, कॅन्सल करावं का? तशी हरिश्चंद्रगड, राजमाचीमुळे पावसाची सवय आहे आम्हाला. आणि आईला कुंडात डुबकी घ्यायचीच आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: कॅन्सल अजिबात करू नका ताई, फक्त घांघरियात चौथी रात्र मिळते का बघा. ऑगस्टमध्ये ॲप तिथे पाऊस दाखवणारच, पण म्हणून दिवसभर कोसळतोच असं नाही. बऱ्याचदा पहाटे उघडीप असते, मग ऊन चढलं की दरीतली दमट हवा उतारावरून वर सरकते आणि दुपारपर्यंत ढग कुंडावर येऊन बसतात. त्यामुळे ॲपपेक्षा घड्याळ सांभाळा. हेमकुंडसाठी घांघरियातून पहाटे पाचला निघा, सहा किलोमीटरच आहेत पण चढ हजार-बाराशे मीटरचा आहे, आईंच्या चालीने पाच तास धराच. बारा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, कुंड वळणापलीकडे असलं तरी. हे आदल्या रात्रीच तिघांनी ठरवून टाका कारण वर गेल्यावर कोणाचाच पाय निघत नाही. वर मुक्कामाची सोय नाही, दुपारनंतर सगळ्यांना खाली पाठवतात.

पहिला दिवस व्हॅलीला द्या, ती कमी उंचीवर आहे, रिमझिमीत पण चालता येतं आणि शरीराला उंचीची थोडी सवय होते. नंतरच्या दोन दिवसांत जी पहाट बरी दिसेल ती हेमकुंडची. चौथी रात्र हवी ती यासाठीच. (परतीची रेल्वे मात्र खाली उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशीची नको, त्या रस्त्यावर दरडी पडतात.)

आता सवयीचं. आपल्याकडे भिजलो तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं. कुंड ४,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटीहून जास्त उंच, आणि दर हजार मीटरला साधारण सहा डिग्री तापमान उतरतं, त्यात वारा! ओला कॉटनचा टीशर्ट तिथे खरंच धोक्याचा आहे. पटकन सुकणारे कपडे, वर जाड रेनकोट (पोंचो वाऱ्यात उडतो), आणि प्लास्टिकच्या पिशवीत एकेक कोरडा जोड, मोजे, कानटोपी. कोणी थरथरायला लागलं, अडखळत बोलायला लागलं तर आधी ओले कपडे बदला आणि खाली उतरा. डोकं दुखून मळमळायला लागलं तरी वर जाणं तिथेच थांबवायचं, गोळी घेऊन पुढे रेटायचं नाही. आईंच्या बीपीबद्दल आणि उंचीवरच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारा.

गडगडाट ऐकू आला की उघड्यावर थांबू नका, ब्रह्मकमळांचे फोटो राहू देत. वरच्या टप्प्यात झाडं संपतात, आडोसा नसतो, गुरुद्वारा जवळ असेल तर तिथे नाहीतर सरळ खाली. आईंना चढताना घोडं करा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, उतरताना मात्र ओल्या दगडांवर घोडं घसरतं तेव्हा काठी घेऊन हळूहळू चालणं बरं.

डुबकीचं म्हणाल तर बायकांसाठी आडोशाची सोय आहे. ऊन असेल, आईंना दम लागत नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर एकच, डोकं न भिजवता, लगेच पुसून कोरडे कपडे आणि लंगरमधली गरम खिचडी-चहा. ढग उतरले असतील तर नुसते हातपाय धुऊन पाणी डोळ्यांना लावा. ओल्या केसांनी त्या वाऱ्यात तीन तास उतरणं या वयात नको, आईंना हे आत्ताच घरी समजावून सांगा, तिथे काठावर उभं राहून वाद घालायला लावू नका.