एकच विषय, दोन कपाटे

प्रश्न : मधमाश्यांवरील दोन पुस्तकांपैकी एक मला ग्रंथालयात विज्ञानाच्या कपाटात मिळाले आणि दुसरे बऱ्याच अंतरावर, शेतीच्या पुस्तकांत. ती शेजारी का ठेवत नाहीत? पुस्तकाच्या पाठीवरील दशांश चिन्हाचा क्रमांक कसा वाचावा?

उत्तर : ही पुस्तके चुकून वेगळी झालेली नाहीत. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आजही जगभर वापरात असलेली दशांश वर्गीकरण पद्धती, पुस्तक कशाविषयी आहे एवढेच न पाहता त्या गोष्टीचा विचार कोणत्या ज्ञानशाखेच्या अंगाने केला आहे, हे आधी पाहते. त्यामुळे मधमाशीची शरीररचना सांगणारे पुस्तक प्राणिशास्त्रात, ५९५.७९९ या वर्गांकाखाली जाते आणि मधमाशीपालन शिकवणारे ६३८.१ खाली. ही ताटातूट ड्युई यांनाही ठाऊक होती. म्हणूनच एका विषयाची विखुरलेली सर्व स्थाने एकत्र दाखवणारी सूची त्यांनी वर्गांकांच्या यादीला जोडली.

वर्गांकात डावीकडून उजवीकडे गेल्यास विषय सूक्ष्म होत जातो : ५ म्हणजे विज्ञान, ५९ प्राणी, ५९५.७ कीटक. चिन्हापुढील अंक दशांश म्हणूनच वाचावेत, ६३८.१६ हा वर्गांक ६३८.२ च्या आधी येतो. येथेच अनेकांची गफलत होते. वर्गांकाखालची अक्षरे बहुधा लेखकाच्या नावावरून घेतलेली असतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीत विषयाचे पैलू सुटे करून ते चिन्हांनी जोडले जातात, त्यामुळे गुंतागुंतीचा विषयही अधिक नेमका व्यक्त होतो. तरीही कागदी पुस्तकाची एक प्रत एकाच जागी राहू शकते, आणि ही मर्यादा कोणतीही पद्धती ओलांडू शकत नाही. ती भरून काढते ती ग्रंथालयाची तालिका (कॅटलॉग), कारण तिथे एकाच पुस्तकाची नोंद लेखक, शीर्षक आणि अनेक विषय अशा कितीतरी वाटांनी सापडू शकते. तालिका तयार करण्याचे हे काम वाचकाच्या नजरेआड होते, पण माझ्या मते ग्रंथालयाची खरी गुणवत्ता त्यातच दिसते. कारण लेखकाचे टोपणनाव व मूळ नाव यांची सांगड घातलेली नसेल, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला ते मिळत नाही.

म्हणून शोध तालिकेपासून सुरू करावा. उपयोगी पुस्तकाची एक नोंद मिळाली की तिच्यातील विषयशीर्षके टिपून त्यांनीच पुन्हा शोध घ्यावा. आपली दोन्ही पुस्तके, आणि कदाचित तिसऱ्याच कपाटातील एखादे, त्यातून हाती येईल.