भिंतीच्या भेगेतली माशी

प्रश्न: मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पोळ्याला आम्ही सासरी, वर्ध्याकडच्या खेड्यात जातो. घर मातीचं, भिंतीला लागून गोठा. चांदीपुरा नावाच्या मेंदूज्वराच्या बातम्यांनी धास्ती बसली आहे. सासूबाई म्हणतात, ‘मेंदूज्वराची लस झालीय, मच्छरदाणी आहे, मग कशाला घाबरता?’ जावं का?
– एक आई, नागपूर

उत्तर: जा. तान्हा पोळा बुडवू नका. पण सासूबाईंचं ऐकून गाफील राहू नका. मुलाला दिलेली लस जपानी मेंदूज्वराची. तो धानाच्या बांध्यांत वाढणाऱ्या डासांमुळे होतो. चांदीपुरा हा वेगळा विषाणू, त्यावर लसही नाही नि नेमकं औषधही नाही. 1965 साली आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला आणि बिचाऱ्या गावाच्या माथी हे नाव कायमचं बसलं.

तो पसरवते वाळूमाशी. डासाच्या पाव आकाराची, गुणगुणतही नाही. एका घरी टॉर्च मारून पाहिली होती: भेगेच्या तोंडाशी राखाडी ठिपका, पंख उभे धरलेले. बोट नेलं तर टुणकन बाजूला. साध्या मच्छरदाणीतून ती आरामात शिरते. जाळी अगदी बारीक हवी, कीटकनाशक लावलेली असेल तर उत्तम. पोळ्याआधी घर लिपतातच, तेव्हा भेगा बुजवायला सांगा. शेणाचा ढीग घरापासून लांब. मुलगा खाटेवर झोपू दे, पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत.

आता महत्त्वाचं. हा आजार तासांचा आहे. सकाळी खेळणारं पोर दुपारी तापतं, उलट्या होतात, रात्री झटके, मग बेशुद्धी. 2003 साली आंध्रात 329 मुलांना तो झाला, 183 गेली. माझ्याकडे एक मुलगी आणली होती. तिच्या ओठांना कांद्याचा वास येत होता आणि बापाच्या हातात अजून चप्पल होती. हुंगवण्यात दोन तास गेले होते. बापाला मी काही बोलले नाही, तो घाबरलेला होता. ते दोन तास मात्र मला आजही खुपतात.

झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी नको, चमचा नको. 108 ला फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रात झटका थांबवायचं औषध मिळतं, तिथून लगेच पुढे हलवा. आणि मुलांचा अतिदक्षता विभाग कुठल्या रुग्णालयात आहे, ते निघण्याआधीच विचारून ठेवा.