लिस्बनमध्ये इंग्लिशवर भागतं, पण भांडता येत नाही

दादा, तुम्ही विचारलंय की लिस्बनच्या ऑफिसात सगळं इंग्लिशच आहे तर कोथरूडात बसून पोर्तुगीजचा क्लास कशाला लावायचा. कॉफी, मेट्रो, बँक, सगळं इंग्लिशवर निघतं, तरुण पोरं तर फाडफाड बोलतात. अडतं ते नाजूक विषयावर.

आमचंच सांगतो. हिवाळ्यात इथल्या जुन्या घरांना ओल येते, भिंतीला काळी बुरशी धरते. घरमालकीण वयस्कर, इंग्लिश जेमतेम, म्हणून फोनवर मध्ये तिचा मुलगा. मला म्हणायचं होतं की काकू, तुमची चूक नाही म्हणत मी, खिडक्या रोज उघडतो, पण पाणी बाहेरून मुरतंय, पोरीला खोकला आहे, खर्चाचं मिळून बघू. एवढं सगळं बोललो, त्यानं आईला एका वाक्यात उरकलं, आणि उत्तर काय तर आधीच्या भाडेकरूची काही तक्रार नव्हती. झालं! दोघांचीही इंग्लिश उसनी, त्यात 'तसं नाही हो, पण' हेच आधी गळतं.

मग ऑफिसातल्या पोर्तुगीज मैत्रिणीकडून चार ओळी लिहून घेतल्या. तिनं क्रियापद भूतकाळात नेलं, आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणतो ना अगदी तसं, आणि काकूंना 'आ सेन्योरा' म्हणजे आपल्या 'बाईसाहेब'सारखं आदराचं संबोधन केलं. त्या स्वतः भिंत बघायला आल्या. हे भाषांतराच्या ॲपवर सोडू नका, ते बरेचदा ब्राझीलच्या वळणाचं देतं आणि तिथलं 'व्होसे' (समोरच्याला म्हणायचं 'तू/तुम्ही') इथल्या वडीलधाऱ्यांना खटकू शकतं. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो ॲपही ब्राझीलचंच पोर्तुगीज शिकवतं. लिस्बनवाले स्वर गिळतात, त्यामुळे क्लास लावताना पोर्तुगालचा उच्चार शिकवतात का ते आधी विचारा.

डिपॉझिट, नोटीस वगैरे मात्र गोड बोलण्यावर ठेवू नका, पोर्तुगीजमध्ये रजिस्टर्ड पत्र, पोचपावतीसकट.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना बरेचदा इंग्लिश येतं, खिडकीवरच्या बाईंचं सांगता येत नाही. कधीपासून दुखतंय, ठुसठुसतंय की कळ येते, एवढं तरी घरून लिहून न्या.

पाच वर्षांनी पर्मनंट रेसिडेन्सी मागताना ए२ म्हणजे पोर्तुगीजची प्राथमिक पातळी लागतेच, पण ए२ वर वाद घालता येत नाही (पुणेकराला हे जड जातं). आणि वहिनींनाही क्लासला न्या, शाळेचा फोन हमखास तुमच्या मीटिंगच्या वेळी येतो.