वाचकांचे प्रश्न : बँकॉकमधलं नवं बिऱ्हाड

नोकरीनिमित्त बँकॉकला गेलेल्या आणि निघालेल्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न.

प्रश्न : कंपनीने १५ दिवसांचं हॉटेल दिलंय, तेवढ्यात घर ठरवायचंय. एक जागा अपार्टमेंटमध्ये आहे, दुसरी कॉन्डोमध्ये. भाडं सारखंच. कोणती घ्यावी? (पुणे)

आधी विजेचा दर विचारा. कॉन्डोतल्या प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा असतो, मीटर सरकारी वीज मंडळाचा असतो आणि युनिट साधारण ४ ते ५ बाटला (बाट हे थाई चलन) पडतं. अपार्टमेंटची अख्खी इमारत एकाच मालकाची असते. वीज तोच पुरवतो आणि बरेचदा युनिटला ७-८ बाट लावतो. एसीला तासाला एक युनिट धरलं, तर रोजच्या १० तासांचे महिन्याला ३०० युनिट झाले. युनिटमागे ३ बाट जास्त म्हणजे ९०० बाट, तेही एकट्या एसीचे. बँकॉकमध्ये एसी बारा महिने चालतो, तेव्हा दर करारात लिहून घ्या.

डिपॉझिट बहुधा दोन महिन्यांचं, शिवाय एका महिन्याचं भाडं आगाऊ. किल्ली हातात घेतानाच भिंती, गादी, नळ, एसीखालचा ओलीचा डाग, सगळ्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. जागा सोडताना डिपॉझिट कापलं जातं ते अशाच जुन्या ओरखड्यांपायी. करार थाई भाषेत असेल तर साल बौद्ध संवतातलं असतं. त्यातून ५४३ वजा करा : २५६९ म्हणजे २०२६. दुकानातल्या पाकिटावर नुसतं ६९ दिसलं तर तेही हेच साल.

प्रश्न : टीएम ३० आणि ९० दिवसांची नोंद एकच का? गणपतीत आठ दिवस घरी यायचंय, व्हिसाला काही होईल का? (ठाणे)

दोन्ही वेगळ्या. टीएम ३० म्हणजे 'हा परदेशी माणूस माझ्या जागेत राहतो' ही घरमालकाने २४ तासांत द्यायची खबर. ती द्यायचं काम मालकाचं, पण नसली की इमिग्रेशनच्या खिडकीवर तुमचंच काम अडतं. म्हणून सही करण्याआधीच 'पावती द्याल ना?' असं विचारा. कां-कूं करणाऱ्या मालकाची जागा घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

९० दिवसांची नोंद तुमची स्वतःची, टीएम ४७ फॉर्मवर. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालते, उशीर झाला तर २,००० बाट दंड. मधे देशाबाहेर गेलात तर परत आल्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते.

गणपतीला जरूर या, पण निघण्याआधी री-एन्ट्री परमिट घ्या. एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. फॉर्म टीएम ८, फोटो आणि पासपोर्टच्या प्रती लागतात. ते न घेता विमानात बसलात तर राहण्याची मिळालेली मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळे कागद पहिल्यापासून करावे लागतात. वर्क परमिट खिशात असलं तरी ते याच्याऐवजी चालत नाही.

प्रश्न : स्वयंपाकाचं काय काय न्यावं? आणि तिथल्या तांदळाच्या पिठाचे मोदक वाफवताना पसरतात, ते का? (दोन पत्रं एकत्र)

कॉन्डोत गॅस सिलिंडरला बहुतेक बंदी असते आणि ओट्यावर इंडक्शन किंवा विजेची शेगडी असते. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. इंडक्शनचा तळ असलेला स्टीलचा ३ लिटरचा कुकर न्या आणि एक रबर रिंग जास्तीची घ्या. मिक्सर चालतो, व्होल्टेज जुळतं. मात्र आपला गोल तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, तेव्हा मिक्सरचा भार पेलेल असा जाड ॲडॉप्टर लागेल. तूरडाळ, पोहे, हिंग फाहुरात भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात. त्यासाठी बॅगेचं वजन वाढवू नका.

मोदक पसरतात, कारण पाकीट चुकतं. तीन सोंडांच्या ऐरावताचं चित्र असलेल्या पिठाची पाकिटं सगळीकडे मिळतात. लाल छपाईचं साध्या तांदळाचं, हिरवं चिकट तांदळाचं. चिकट तांदळात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) जवळजवळ नसतं, म्हणून वाफ लागली की पारी आकार धरत नाही, बसते. लाल घ्या. एक वाटी पाण्याला उकळी आणा, त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घाला, मग एक वाटी पीठ घालून वाफ काढा. नुसत्या लाल पिठाची पारी कडेला चिरते. तेवढ्यापुरतं वाटीमागे एक मोठा चमचा हिरवं पीठ मिसळा, कळ्या सुरेख पडतात.

प्रश्न : शाकाहारी सांगूनही जेवणाला माशाचा वास येतो. (नाशिक)

मासा दिसत नाही, पण 'नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस मिठाच्या जागी पडतो. तो घालू नका म्हटलंत तरी करीच्या वाटणात 'कापी', म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, आधीच कुटलेली असते. ती काढता येत नाही. त्यामुळे ऐनवेळी विनवण्यापेक्षा पिवळ्या पाटीवर लाल 'เจ' हे अक्षर शोधा, उच्चार 'जे'. त्या स्वयंपाकात मांस-मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांची इथे छान सोय होते. सोया-ग्लूटेनचे तुकडे हुबेहूब मांसासारखे दिसतात, दचकू नका. अंडं-दूध चालत असेल तर 'मांगसविरत' म्हणा. हा आपला 'मांसविरती'च आहे.

प्रश्न : सुखुमवित रस्त्यावर समोरासमोरच्या गल्ल्यांचे नंबर जुळत का नाहीत? (कोल्हापूर)

रस्त्याच्या उत्तरेला विषम नंबरांच्या सॉय (म्हणजे गल्ल्या), दक्षिणेला सम, आणि दोन्हीकडची मोजणी स्वतंत्र. म्हणून सॉय ५५ (थोंगलो) समोर सॉय ३८ येते. टॅक्सीत बसताना नंबराबरोबर जवळचं बीटीएस (उन्नत रेल्वे) स्टेशन सांगा. चुकीच्या बाजूला उतरलात तर स्टेशनच्या पुलावरूनच रस्ता ओलांडा.